शिवेवरचं पाणी

आमच्या चिंचवंडीच्या सडकेनं माझ्या डोळ्यांदेखत कूस बदलली. आधी ती गावात उगवतीकडून यायची, मग मावळतीकडून यायला लागली. सरकारी नकाशावर ही गोष्ट बोटभर रेघेची असेल. गाव मात्र तिनं पार उलटंपालटं केलं. ज्यांच्या परड्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्यांच्या दारात टपालाची पिशवी उतरायला लागली, आणि ज्यांच्या दारावरून आजवर सगळा मुलूख गेला, त्यांच्या दारात कोंबड्या निवांत चरू लागल्या. हे सगळं खरं. पण ती सडक आठवली की मला डोळ्यांपुढं एकच माणूस दिसतो. त्र्यंबकअण्णा.

'आमच्या चिंचवंडीच्या' म्हणालो खरा, पण मी मूळचा तुळजापूरचा. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, खेडोपाडी नव्या शाळा निघत होत्या, आणि तेर आणि ढोकीच्या मधल्या या गावात मला मास्तर म्हणून धाडलं. आता आम्हा तुळजापूरकरांचं पाहुण्याशी असलेलं नातं तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्याकडं पाहुणा म्हणजे यात्रेकरू. तो आला की आनंद होतो, नाही असं नाही, पण तो आनंद आधी पोटाला होतो आणि मग मनाला. नुसता माणूस आला, एवढ्यानं एखाद्याचा चेहरा उजळतो, हे मी पहिल्यांदा चिंचवंडीत पाहिलं.

अण्णा पन्नाशीचे होते. उंच, काटक, मिशा पांढऱ्या आणि फेटा त्याहून पांढरा. गावाच्या शिवेवर, सडकेला लागून त्यांचं शेत. बांधावर मोठं आंब्याचं झाड आणि झाडाखाली एक सपाट दगड, त्यावर पाण्याची घागर. शेतात काम करता करता अण्णांचा एक डोळा कायम सडकेवर असायचा. लांब कुठं धूळ उडाली की हातातलं खुरपं तिथंच पडायचं. मग धोतराचा सोगा खोवत ते दगडाकडं धावायचे, तांब्याचा तांब्या भरून घ्यायचे आणि कनवटीचा गूळ चाचपून बघायचे. त्या गुळाला बहुतेक वेळा मुंग्या लागलेल्या असत. अण्णा फुंकर मारत आणि म्हणत, "मुंग्याबी पाव्हण्याच की."

या धावपळीमागं गावाचा जुना दस्तूर होता. पहिल्यांदा गावात येणारा माणूस, मग तो नवरदेव असो, अंमलदार असो नाहीतर कल्हईवाला, त्यानं शिवेवर थांबायचं आणि गावानं त्याला पाणी द्यायचं. आधी बैलांच्या खुरांवर, मग पाहुण्याच्या पायांवर, मग प्यायला, आणि वर गुळाचा खडा. हे पाणी घरचं नव्हे, गावचं. ज्याच्या घरी पाहुणा चालला आहे, त्यानं हे पाणी द्यायचं नाही. व्याह्यानं व्याह्याला दिलेलं पाणी घरचं झालं. गावचं पाणी देण्याचा मान एकाच घराचा, आणि तो कुठल्या घराचा, याचा नियमही साधा होता. शिवेवर सडक ज्याच्या शेताला लागून येते, त्याचा मान.

अण्णांना या मानाचा भारी अभिमान होता. पण तो मिरवण्याचा नव्हता. त्यांना माणसांचंच वेड होतं. "कुठलं गाव, कुणाकडं, जेवलाव का?" हे तीन प्रश्न ते एका दमात विचारत, आणि तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं की पहिल्या दोहोंची उत्तरं ऐकायला थांबत नसत. पाणी कुणाला द्यावं आणि कुणाला देऊ नये, यावर त्या काळी गावात कुजबुज चालायचीच. कुणी तसं तोंडावर बोललं की अण्णा सांगायचे, शिवेवर उभा राहिला तो पाव्हणा, त्याला दुसरी जात नसती. एवढं बोलून ते तांब्या भरायला लागत. त्यांच्याशी वाद घालणं अवघड होतं, कारण वाद घालणाऱ्याकडं त्यांचं लक्षच नसायचं.

त्यांची बायको म्हणजे सोजरकाकू. कमरेत किंचित वाकलेल्या, जिभेनं सरळ. त्या म्हणायच्या, "आमच्या ह्यांचं लगीन माझ्याशी न्हाय झालेलं, सडकेशी झालंय. म्या आपली भाकरी थापायला आलेली." बोलायच्या असं, पण चुलीवरचा तवा दिवसभर खाली उतरवायच्या नाहीत. अण्णा कधी कुणाला जेवायला घेऊन येतील याचा नेम नसायचा.

एकदा तर कहरच झाला. कळंबकडची चार माणसं मुलगी बघायला निघाली होती. त्यांना जायचं होतं पलीकडच्या गावाला. वाटेत आमची शीव लागली आणि ते अण्णांच्या तावडीत सापडले. पाणी झालं, गूळ झाला. जेवले नव्हते म्हटल्यावर अण्णांनी त्यांना घरी नेलं, पिठलं-भाकरी घातली आणि वर पानसुपारी दिली. मुलगी बघायला आलोय, एवढं त्या पाहुण्यांनी कसंबसं सांगितलं. अण्णांना वाटलं, आमच्याच गावातली. गावात लग्नाची मुलगी कोण, तर कुंभाराच्या आळीजवळच्या भोसल्यांची पारू. अण्णांनी पाहुणे सरळ भोसल्यांच्या ओसरीवर नेऊन बसवले. भोसले गडबडले, पण दारात आलेल्या पाहुण्यांना 'का आलात' म्हणून कसं विचारणार? पारूला लुगडं नेसवून बाहेर आणलं. पाहुणेही भिडस्त. बरं, पारू होती देखणी. मुलाच्या चुलत्यानं गाव चुकल्याचं सांगायला तोंड उघडलं तेव्हा मुलानंच त्याचं धोतर ओढलं म्हणतात. त्या वैशाखात लग्न झालं, सुखाचं झालं. पलीकडच्या गावानं मात्र अण्णांच्या नावानं पुढं बरेच दिवस बोटं मोडली. अण्णांना विचारलं की म्हणत, "मला काय ठावं? म्या जेवलाव का इचारलं, त्यांनी न्हाय म्हणलं."

पहिली यष्टी आली तो दिवसही मला चांगला आठवतो. अख्खं गाव आंब्याखाली जमलं होतं. हलगी होती, तोरण होतं. गाडी आली ती धापा टाकत, पुढून वाफ सोडत. ड्रायव्हर सोलापूरचा, इस्माईलभाई म्हणून दणकट माणूस. अण्णांनी पुढं होऊन तांब्या घेतला आणि क्षणभर अडले. बैल असते तर खुरांवर पाणी घालायचं, इथं खुरं कुठली? मग त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि गुळाचा खडा गाडीच्या नाकाडावर ठेवला. इस्माईलभाई खाली उतरून हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "चाचा, पाय धुतले, ठीक. पण हिला तहान लागली आहे, तिला प्यायला द्या की." आणि त्यानं पुढचं झाकण उघडून दाखवलं. अण्णांनी उरलेलं पाणी आत ओतलं. गाडी घटाघटा प्यायली. अण्णांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की विचारू नका. त्या दिवसापासून उन्हाळ्यात यष्टी आंब्याखाली थांबायची ती थांबायचीच. ती थांबली की अण्णा आधी गाडीला पाणी पाजत आणि मग माणसांना. पाहुणा जनावरावर आला असेल तर आधी जनावर, हा नियमच होता.

सगळं असं बैजवार चाललं असताना एका हिवाळ्यात ओवरसियर आला.

कोवळा पोरगा होता, पुण्याकडं शिकून आलेला. बरोबर तिवई, दुर्बीण, साखळी आणि लाल-पांढऱ्या झेंड्या. राहायला जागा नव्हती म्हणून शाळेच्या पडवीत माझ्या शेजारीच उतरला. अर्थात आधी शिवेवर अण्णांचं पाणी घेऊन. तो कशासाठी आला आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, अण्णांना तर नाहीच. त्यांनी त्याला जास्तीचा गूळ दिला, पोरगं वाळलेलं दिसतंय म्हणून.

त्यानं महिनाभर गावाच्या चारी अंगांनी हिंडून मोजमाप केलं आणि मग चावडीत माणसं जमवून समजावून सांगितलं. जुनी सडक काळ्या रानातून येते. दर पावसाळ्यात ती चिखलात बुडते, यष्टी बंद पडते, गाव तोडल्यासारखं होतं. आता ही सडक मोठी व्हायची आहे, तिच्यावर पक्की खडी पडायची आहे. गावाच्या मावळतीला मुरमाड माळ आहे, आणि तिथं ओढ्याच्या दोन्ही काठांना खडक लागतो. पूल बांधायचा तर तिथंच टिकेल. म्हणून सडक तिकडून येणार. पोरगं नीट बोललं, सगळ्यांना पटलं. पटलं आणि मग सगळ्यांनी एकाच वेळी अण्णांकडं पाहिलं.

कारण मावळतीच्या शिवेवर सडक लागणार होती किसनच्या शेताला. किसन म्हणजे अण्णांच्या भावकीतला, नात्यानं पुतण्या. सडक गेली की मान गेला. हा काही कुणी केलेला अन्याय नव्हता. अण्णांच्या घरी तरी मान कुठून आला होता? त्यांच्या आज्याच्या काळी सडक ओढ्यापलीकडून, माळ्याच्या मळ्याजवळून यायची. ओढ्यानं ती खाल्ली, निजामाच्या माणसांनी अलीकडून मुरूम टाकून नवी बांधली, आणि मग म्हातारा माळी स्वतः चालत येऊन तो तांब्या अण्णांच्या आज्याच्या हातात देऊन गेला. ही गोष्ट अण्णांनीच आम्हाला शंभरदा तरी सांगितली असेल. आता तीच त्यांच्यावर आली होती.

अण्णांनी फेटा सारखा केला. मग त्यांनी ओवरसियरला एवढंच विचारलं, "पूल झाल्यावर पावसाळ्यात बाळंतीण ढोकीला न्हेता यील का?"

"येईल की," तो म्हणाला.

"मग ठोका खुट्ट्या."

चावडीतल्या माणसांना हायसं वाटलं. मला मात्र आंब्याखालचा तो सपाट दगड दिसत होता. ज्या माणसाचा जीव त्या दगडाजवळ होता, त्यानं तो एका वाक्यात सोडून दिला होता.

अर्थात अण्णा काही साधुसंत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पडवीत हजर. हातात फडक्यात बांधलेली भाकरी, शेंगाची चटणी आणि वर लोण्याचा गोळा. ओवरसियरला आग्रह करकरून खाऊ घातलं आणि मग हळूच विचारलं, "साहेब, सडक तिकडनंच जाऊ द्या. पण जाताजाता जरा माझ्या शेताला शिवून गेली तर?" ओवरसियर हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं नकाशा उलगडला आणि दाखवलं की अण्णांचं शेत गावाच्या या टोकाला, नवी सडक त्या टोकाला, मध्ये सगळं गाव. सडक शेताला शिवायची तर गावच उचलून बाजूला ठेवावं लागेल. अण्णांनी नकाशाकडं बराच वेळ बघितलं. अगदी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "न्हाय, गाव नगा उचलू. लई जुनं हाय."

सडकेचं काम दोन उन्हाळे चाललं. अण्णा रोज कामावरच्या माणसांना पाणी पाजायला जात, पण माळाच्या कडेनं. पूल झाला, खडी पडली, दगडी रूळ फिरला. नवी सडक चालू व्हायच्या आदल्या दिवशी अण्णांनी तांब्या चिंचेनं घासघासून लख्ख केला, डोक्यावर धुतलेला फेटा बांधला आणि किसनच्या घरी जाऊन तांब्या त्याच्या हातात दिला. बरोबर गुळाची ढेपही दिली. हसतमुख होते. घरी आले आणि न जेवता झोपले, असं काकू सांगायच्या.

त्यानंतर अण्णांनी एक गंमत केली. ते त्या नव्या सडकेवर पाऊल ठेवीनात. ढोकीच्या बाजाराला जायचं तर सडकेच्या कडेनं, बांधाबांधानं, काट्याकुट्यातून जात. अगदी पुलाशी आले की खाली उतरून ओढ्यातून पलीकडं. मी एकदा विचारलं, अण्णा, एवढी गुळगुळीत सडक सोडून हे काय? तर म्हणाले, "सडक चांगलीच हाय, गुरुजी. पण माझी तिची अजून वळख न्हाय." काकू म्हणाल्या, "माझी सवत पळून गेल्यागत करायलेत." आम्ही दोघं खूप हसलो. अण्णाही हसले, पण सडकेवर आले नाहीत.

इकडं किसनची वेगळीच तऱ्हा. किसन म्हणजे कष्टाळू, सरळ, पण भयंकर लाजाळू माणूस. चार ओळखीच्या माणसांतसुद्धा त्याला बोलायला सुधरत नसे, मग परक्यांपुढं काय बोलणार? यष्टीचा आवाज आला की तो ज्वारीत शिरायचा. मान आपल्याकडं आहे हे आठवलं की धडपडत बाहेर यायचा आणि तांब्या पुढं करून नुसता उभा राहायचा. 'या' नाही, 'बसा' नाही. देवी टोचायला आलेल्या डॉक्टरांना वाटलं, हा माणूस मुका आहे. त्यांनी त्याला जवळ बसवून जीभ तपासली. किसननं निमूटपणे जीभ दाखवली. गाव खो खो हसलं, पण हसता हसता हळहळलंही. आता शिवेवर येणाऱ्याला पाणी मिळत होतं, पण कुणी आलंय याचा आनंद कुणाला होत नव्हता. हे किसनलाही कळत होतं. तो बिचारा अर्धा झाला होता.

आणि मग त्याच किसनच्या इंदूचं लग्न निघालं.

नवरदेव बार्शीकडचा. वऱ्हाड लॉरीनं येणार, नव्या सडकेनं. मांडव घालण्यापासून आचाऱ्याला लाकडं फोडून देण्यापर्यंत अण्णा सगळीकडं पुढं होते. इंदू त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. पण एका गोष्टीवर अण्णा आणि किसन दोघंही बोलले नाहीत. किसन वधूपिता, त्याला गावचं पाणी देता येत नव्हतं. मग देणार कोण? किसनला वाटलं, अण्णा आहेतच, हे काय त्यांना सांगायला पाहिजे? सांगायला गेलो तर, मानाचं ओझं झेपंना म्हणून परत करायला आला असं होईल, आणि अण्णांचा अपमान होईल. अण्णांना वाटलं, मान किसनचा, तो ज्याला सांगेल तो देईल. न बोलावता आपण तिथं गेलो तर दिलेली वस्तू हिसकावून घेतल्यासारखं दिसेल, आणि तेही पोरीच्या लग्नात. असा दोघांनी एकमेकांचा मान इतका जपला की शिवेवर कुणीच गेलं नाही.

लॉरी भर दुपारी आली. आम्ही पाच-दहा जण सहज सामोरं गेलो होतो. आमच्यामागून किसन आला, हातात तांब्या, आणि इकडंतिकडं बघायला लागला. अण्णा नव्हते. नवरदेवाचा मामा लॉरीतून उतरला. भरदार माणूस, तांबडा फेटा. त्यानं विचारलं, गावचं पाणी कोण देतंय? सगळ्यांनी किसनकडं पाहिलं. किसन घामाघूम झाला. मामा शांतपणे मैलाच्या दगडावर जाऊन बसला, काठी गुडघ्यावर आडवी ठेवली आणि म्हणाला, "आमाला घाई न्हाय. पर गावानं पाणी दिल्याबिगर आमी शीव वलांडत न्हाय." माणूस रागीट नव्हता, रीतीचा होता, आणि रीतीचा माणूस रागीट माणसापेक्षा अवघड असतो. हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. मुहूर्त सरकत चालला. मांडवात इंदू रडायला लागल्याची बातमी आली.

तिकडं घरी अण्णा शेंगा फोडत बसले होते. पुढचं मला काकूंनी सांगितलं. हलगी वाजत होती तोवर ते ठीक होते. हलगी थांबली तसा त्यांचा हात थांबला. पाणी दिल्यावर हलगी जोरात वाजते, थांबत नाही. एवढं त्यांना कळत होतं. काकू म्हणाल्या, "आता उठा. मान कुणाचा त्ये मागनं बघा, पोरगी कुणाची त्ये बघा." अण्णा उठले ते तसेच पळत सुटले.

आम्ही पाहिलं तर गल्लीतून एक बोडका माणूस पळत येतोय. डोक्यावर फेटा नाही, अंगात नुसती बंडी, पायात काही नाही, आणि धोतराला शेंगांची फोलकटं चिकटलेली. मी त्यांना बोडकं पहिल्यांदाच पाहत होतो. ते सडकेच्या कडेला आले आणि नेहमीसारखे बांधाशी थबकले. मग खाली बघितलं, आणि सरळ सडकेवर चढले. चढून किसनपाशी आले. किसननं तांब्या पुढं केला. अण्णांनी हात पुढं केला आणि मागं घेतला.

ते हळू आवाजात म्हणाले, "किसन, सडक तुझ्या शेताला लागून हाय. माझी हितं टीचभर जमीन न्हाय. म्या गावचं पाणी कसं देऊ?"

मामा दगडावरून सगळं ऐकत होता. मला वाटलं, झालं, आता संपलं. दोन्हीकडून रीतच आडवी आली होती.

आणि तेव्हा किसन बोलला. जो माणूस डॉक्टरपुढं जीभ काढून उभा राहिला होता, तो शंभर माणसांदेखत, वऱ्हाडादेखत मोठ्यानं बोलला. त्यानं अण्णांच्या दंडाला धरून त्यांना सडकेवरून दोन पावलं आपल्या शेतात नेलं, कडेच्या मातीवर उभं केलं आणि म्हणाला, "अण्णा, तुमी उभं हाव तेवढी जमीन आजपासनं तुमची. पंच हितंच हायत. आता द्या पाणी."

अण्णांनी किसनकडं बघितलं. डोळे भरून आले होते त्यांचे. मग त्यांनी आपल्या पायांकडं बघितलं. आणि मग, अगदी सावकाश, त्यांनी आपले दोन्ही पाय जितके फाकवता येतील तितके फाकवले.

आधी मामा हसला. असा हसला की काठी खाली पडली. मग सगळं वऱ्हाड हसलं, लॉरीवरची पोरं हसली, किसन रडता रडता हसला. अण्णा तसेच पाय फाकवून उभे, आणि म्हणतात, "बघून घ्या पंचहो, हितनं हितवर." मग त्यांनी तांब्या घेतला. लॉरीच्या चाकांवर पाणी घातलं, नवरदेवाचे पाय धुतले, मामाचे धुतले. गूळ आणायचा राहिला होता. धोतराला चिकटलेल्या फोलकटांत दोन-चार शेंगदाणे सापडले, तेच दिले. मामानं ते कपाळाला लावून खाल्ले. हलगी अशी वाजली की ढोकीपर्यंत ऐकू गेली असेल. इंदूचं लग्न मुहूर्त टळण्याआधी लागलं.

त्या तुकड्यावर अण्णांनी पुढं छोटा कट्टा बांधला, वर छप्पर घातलं आणि रांजण पुरला. जागा एवढीशी, पण थाट संस्थानाचा. सकाळी उगवतीच्या शेतातलं काम उरकायचं आणि दुपारी मावळतीच्या या संस्थानात येऊन बसायचं, असा त्यांचा दिनक्रम झाला. काकू म्हणायच्या, "राजाला दोन राजवाडे, मला चूल एकच." पुढं ढोकीला साखर कारखाना उभा राहायचं चाललं, सडकेवर वर्दळ वाढली, आणि अण्णा सुखानं वेडे व्हायची वेळ आली. किसनही शेजारी येऊन बसायचा. अजून बोलत नसे, पण ज्वारीत शिरत नसे.

माझी बदली झाली तेव्हा मी चिंचवंडीत बरीच वर्षं काढली होती. सामान किसनच्या बैलगाडीनं सडकेवर आलं. मला खात्री होती, अण्णा आज आपल्यासाठी खास काहीतरी करतील. फेटा बांधतील, दोन शब्द बोलतील. मी मनातल्या मनात उत्तरही जुळवून ठेवलं होतं. आणि झालं काय, तर ज्या यष्टीनं मी जाणार होतो, त्याच यष्टीतून माझ्या जागी आलेले नवे गुरुजी उतरले. लातूरकडचे, तरणे, काखेत वळकटी, चेहरा बावरलेला. अण्णांनी त्यांना पाहिलं मात्र, आणि माझं अस्तित्व त्यांच्या लेखी संपलं. नव्या गुरुजींना कट्ट्यावर बसवलं, वहाणा काढायला लावल्या, पायांवर पाणी घातलं. त्यांचं चालूच. मी सामान टपावर चढवलं, आत जाऊन बसलो, तरी यांचं लक्ष नाही.

खरं सांगतो, मला राग आला. खिडकीतून डोकं बाहेर काढून मी म्हणालो, "अण्णा, निघालो बरं का. जाणाऱ्यालाही एक तांब्या द्या की."

अण्णांनी मान वळवली. मी काहीतरी वेडगळ बोललो असल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"पाणी पाव्हण्याला असतंय, गुरुजी. तुमी कवापासनं पाव्हणं झालाव? तहान लागली तर रांजण हाय. उतरा आन् घ्या हातानं."

आणि ते पुन्हा नव्या गुरुजींकडं वळले.

मी उतरलो. कंडक्टर घंटी मारत होता, माणसं खिडकीतून डोकावत होती. मी रांजणावरचं झाकण काढलं, पाणी घेतलं आणि अगदी सावकाश प्यायलो, डोळे भरून आले होते तरी. अण्णा माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. घरचं माणूस पाणी पितंय, त्यात बघायचं काय?